किल्टवर बकलाचे बूट घेताना

मुलीचं लग्न स्कॉटलंडात स्टर्लिंगला, सकाळी मंगलाष्टका आणि संध्याकाळी स्कॉटिश पद्धतीचं जेवण नि केलीचा, म्हणजे तिथल्या लोकसंगीतावरचा सामूहिक नाच. व्याह्यांच्या आग्रहावरून तुम्हीही किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालणार. भाड्याच्या दुकानात लांब नाड्यांचे गिली ब्रोग मिळतायत, पण तुमचं मन बकलाच्या बुटांवर बसलंय. ते चालतील का आणि कोणते घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. नक्की चालतील. संध्याकाळच्या पोशाखाला तेच जास्त शोभतात. मी ग्लासगोत बरीच वर्षं किल्ट वापरतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

गिली म्हणजे शिकारीला, मासेमारीला पाहुण्यांसोबत डोंगरात जाणारा मदतनीस. त्याच्या नावाच्या बुटाला जीभ नसते, नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधतात. हे मुळात दिवसाचं, रानातलं पादत्राण. भाड्याच्या संचात सरसकट तेच देतात, म्हणून आता ते संध्याकाळीही दिसतं आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

बकलाची गोष्ट वेगळी आहे, ते दरबारातून आलंय. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभरेक वर्षं बुटावर बक्कल ही इंग्लंडातली मोठी फॅशन होती. मग नाड्या आल्या आणि बर्मिंगहॅम, वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टनच्या बक्कल-कारागिरांचं काम गेलं. 1791 मध्ये त्यांनी युवराजाकडे गाऱ्हाणं नेलं. त्याने आपल्या पदरच्या माणसांना बक्कलं वापरायला सांगितलं, पण धंदा काही वाचला नाही. हाच युवराज पुढे चौथा जॉर्ज झाला आणि ऑगस्ट 1822 मध्ये एडिनबराला किल्ट घालून मिरवला. रस्त्यावरून गेलेलं बक्कल दरबारी पोशाखात आणि हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, संध्याकाळच्या पोशाखात टिकून राहिलं. म्हणून दिवसाच्या ट्वीड जॅकेटखाली ते उपरं वाटतं आणि चंदेरी बटणांच्या प्रिन्स चार्ली जॅकेटखाली घरचं वाटतं. तेव्हा बूट बघण्याआधी जॅकेट कोणतं ते पक्कं करा. साधं काळं अर्गाइल जॅकेट असेल तर त्याखाली दोन्ही प्रकार चालतात.

आता जात निवडू. एक म्हणजे बक्कल ब्रोग: पावलावरून आडवा पट्टा, त्याला एक बक्कल आणि पुढे चवड्यावर दुसरं मोठं, केवळ शोभेचं. दुसरा म्हणजे चकचकीत पेटंट लेदरचा पंप: पट्टा नाही, जिभेवर एकच बक्कल. पंप दिसायला फार देखणा. मखमली डब्लेट (जुन्या घाटाचं अंगाबरोबरचं जॅकेट) आणि गळ्याशी झालर असेल तर त्याला तोड नाही. पण तुम्ही वधूपिता. स्ट्रिप द विलो या केलीतल्या नाचाला तुम्हाला ओढणारच, आणि त्या नाचात हाताला हात देत गरागरा फिरावं लागतं. पंप टाचेतून निसटतो. तुमच्यासाठी पट्ट्याचाच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. दुसरं कारण घरचं आहे. विधींना पायातलं काढावं लागणार. बऱ्याच बुटांत पट्ट्याच्या बकलामागे इलॅस्टिक असतं, त्यामुळे ते क्षणात निघतात आणि चढतात. गिलीच्या नाड्या वाकून सोडा, पुन्हा गुंडाळा, यात पाहुणे खोळंबतील.

दुकानात चवड्यावरचं बक्कल बोटाने हळूच हलवून बघा. ते शिवलेलं किंवा रिव्हेट मारलेलं हवं. माझ्या पहिल्या जोडाचं नुसतं चिकटवलेलं होतं. 25 जानेवारीला, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीच्या जेवणाच्या रात्री, पहिल्याच नाचात ते सुटून फरशीवर गेलं आणि मागून येणाऱ्या बाई त्यावरून घसरता घसरता वाचल्या. तेव्हापासून मी किमतीआधी टाके बघतो. बकलाचे कोपरेही चाचपा. धारदार असले तर दुसऱ्या पायाच्या लोकरी मोज्यात अडकून धागे ओढतात.

धातूचा रंग स्पोरनच्या (किल्टवर पुढे लटकवायच्या बटव्याच्या) पट्टीशी, किल्ट-पिनेशी आणि जॅकेटच्या बटणांशी जुळवा. ती जुनाट चांदीसारखी असतील तर आरशासारखं क्रोम डोळ्यात खुपतं. नक्षी मात्र वेगळी असली तरी चालते, थिसल (स्कॉटलंडचं काटेरी फूल) आणि केल्टिक गाठ शेजारी नांदतात.

कातडं साधं, पॉलिश घेणारं घ्या. पेटंट लेदरला एकदा चीर गेली की ती लपत नाही. नव्या चामडी तळव्याला गुळगुळीत लाकडी फरशीवर पकड नसते. पातळ रबराचा तळ लावून देणारे चांभार इथे आहेत, तेवढा खर्च करा.

माप. इंग्लंडचा आणि आपला नंबर एकच, पण किल्टचे मोजे जाड लोकरीचे असतात. ते मोजे पायात घालूनच बूट बघा, आणि दुपारनंतर बघा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पट्टा शेवटच्या भोकावर लागत असेल तर तो बूट तुमचा नाही, रात्रीपर्यंत तिथेच चावेल.

जोड मिळाला की लग्नाआधी आठवडाभर रोज अर्धा तास घरात घाला, मोज्यांसकट. आणि त्यातच एकदा मुलीला हाताला धरून गोल फिरून बघा.