वाचक विचारतात : पर्ड्यू की सदर्न कॅलिफोर्निया?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात एम.एस. करीत आहे, तर माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकतो. नाशिकला असताना दोघेही महात्मानगरच्या मैदानावर क्रिकेटखेरीज दुसरे काही खेळले नाहीत. आता मात्र घरच्यांशी व्हिडिओ कॉल लागला की अमेरिकन फुटबॉलमधले सर्वोत्तम क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक कोणत्या कॉलेजने दिले यावरून त्यांची अशी जुंपते की आम्हा मोठ्यांना तोंड उघडायला वाव राहत नाही. दिवाळीला दोघेही येणार आहेत. त्याआधी निकाल लावून द्यावा, ही विनंती.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : क्वार्टरबॅकच्या बाबतीत तुमच्या चिरंजीवांचे पारडे जड आहे आणि रनिंग बॅकच्या बाबतीत भाच्याचे. मात्र दोन्ही निकाल सारखे पक्के नाहीत, आणि फराळाच्या ताटावर वाद पुन्हा पेटणार हे उघड असल्यामुळे त्यांमागची कारणे तुमच्या हाताशी असलेली बरी.

क्वार्टरबॅक हा प्रत्येक चालीचा सूत्रधार असतो. चेंडू लांब फेकायचा (म्हणजे पास द्यायचा) की धावणाऱ्याच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या, हाती सोपवायचा, हे त्याच्यामार्फत घडते. पर्ड्यूला ‘क्वार्टरबॅकचा पाळणा’ म्हणतात ते उगीच नव्हे. लेन डॉसन, बॉब ग्रीसी आणि ड्रू ब्रीस या तिघांनी आपापल्या व्यावसायिक संघांकडून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, जिंकला, ग्रीसीने तर दोनदा. भाचा हुशार असेल तर तो यावर अलाबामा विद्यापीठाचे नाव पुढे करील, कारण १९६७, १९६८ आणि १९६९ चे पहिले तिन्ही सुपर बोल अलाबामाच्याच क्वार्टरबॅकनी जिंकले : पहिले दोन बार्ट स्टारने, तिसरा जो नेमथने. पुढे केन स्टेबलरनेही त्यांत भर घातली. नुसते मोजायला बसलात तर पर्ड्यूची आघाडी उरत नाही. पण स्टार कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, १९५५ मध्ये, फारसा मैदानात उतरलाच नाही, त्या हंगामात अलाबामा दहाच्या दहा सामने हरली, आणि व्यावसायिक संघ कॉलेजांतील खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या १९५६ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव थेट २०० व्या क्रमांकावर आले. त्याला घडवले ते ग्रीन बे संघाचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांनी. त्याचे श्रेय अलाबामाच्या खात्यावर मांडणे मला पटत नाही.

पर्ड्यूच्या तिघांचे तसे नाही; ते कॉलेजातच नावारूपाला आले. पर्ड्यू ज्या बिग टेन गटात खेळते, तेथे चेंडू छातीशी धरून रेटत पुढे जाण्याची जुनी रीत. तिथे पर्ड्यूने पासवर भिस्त ठेवली. १९९७ साली आलेले प्रशिक्षक जो टिलर यांनी खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरवून पास देण्याची पद्धत रुजवली, आणि टेक्सासमधल्या मोठ्या कॉलेजांनी दुर्लक्षिलेला ब्रीस तिच्यात चपखल बसला. शिवाय जानेवारी १९६७ च्या रोझ बोल या कॉलेजांच्या प्रतिष्ठेच्या सामन्यात ग्रीसीच्या पर्ड्यूने सदर्न कॅलिफोर्नियालाच १४–१३ असे हरवले होते. ही गोष्ट चिरंजीवांना ठाऊक नसेल तर अवश्य कळवा.

आता भाच्याची बाजू. कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान म्हणजे हाइझमन ट्रॉफी. ती सदर्न कॅलिफोर्नियाच्या पाच धावणाऱ्यांना मिळाली : माइक गॅरेट (१९६५), ओ. जे. सिम्पसन (१९६८), चार्ल्स व्हाइट (१९७९), मार्कस ॲलन (१९८१) आणि रेजी बुश (२००५). बुशची ट्रॉफी २०१० मध्ये परत गेली होती, ती २०२४ मध्ये त्याला पुन्हा देण्यात आली. रनिंग बॅक हा कबड्डीतल्या चढाईपटूसारखा एकटा शत्रूच्या अंगणात शिरत नाही. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी वाट मोकळी करीत असतात. ती फळी उभी करण्याची आणि एकाच धावणाऱ्याला सामनाभर पुन्हा पुन्हा चेंडू देण्याची परंपरा ज्या कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तेथे नवा धावणारा तयार मिळतो. म्हणून या जागेच्या बाबतीत कॉलेजला श्रेय देणे अधिक न्याय्य वाटते.

तरी भाच्याने फार फुगू नये. व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वाधिक धावयार्ड (चेंडू घेऊन धावत कापलेले अंतर, यार्डांत) मिळवणाऱ्यांची यादी, कंसात कॉलेज, पाहा : एमिट स्मिथ १८,३५५ (फ्लोरिडा), वॉल्टर पेटन १६,७२६ (मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट), फ्रँक गोर १६,००० (मायामी), बॅरी सँडर्स १५,२६९ (ओक्लाहोमा स्टेट). चौघांची चार कॉलेजे, आणि त्यांत सदर्न कॅलिफोर्निया नाही. सँडर्सची हकीकत तर विलक्षण आहे. १९८७ मध्ये तो आपल्याच संघात थर्मन थॉमस या दुसऱ्या नामांकित धावणाऱ्याच्या मागे, राखीव म्हणून होता. थॉमस गेल्यावर १९८८ मध्ये त्याने अकरा सामन्यांत धावून २,६२८ यार्ड आणि ३७ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे) केले. एका कॉलेजात, लागोपाठ, असे दोघे!

प्रश्न : एकच खेळाडू दोन कॉलेजांत खेळला तर तो कोणाचा मानावा?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : जिथे त्याचा खेळ खुलला त्या कॉलेजचा, असे मी मानतो, पण आजकाल खरे श्रेय प्रशिक्षकाचे असते. बेकर मेफिल्ड टेक्सास टेकमधून आणि कायलर मरे टेक्सास ए अँड एममधून ओक्लाहोमाला आले आणि लिंकन रायली यांच्या हाताखाली २०१७ व २०१८ ची हाइझमन ओळीने जिंकून गेले. रायली सदर्न कॅलिफोर्नियाला गेले, त्यांच्यामागून केलेब विल्यम्स गेला आणि २०२२ ची ट्रॉफी त्याला मिळाली. २०२१ पासून वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागल्याने हे आणखी वाढले आहे.

प्रश्न : दोन्ही जागांसाठी मिळून एकच कॉलेज निवडायचे तर?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ओक्लाहोमा. त्यांच्या सात हाइझमन विजेत्यांत तीन रनिंग बॅक आणि चार क्वार्टरबॅक आहेत, शिवाय ती ट्रॉफी न मिळालेला एड्रियन पीटरसनही त्यांचाच. गंमत अशी की ट्रॉय एकमन हा पुढे तीन सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅकही आधी ओक्लाहोमातच होता. तेव्हा तेथे सारा भर धावण्यावर. त्यात १९८५ मध्ये त्याचा पाय मोडला, त्याच्या जागी आलेल्या पहिल्या वर्षाच्या जमेल हॉलिवेने संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले, आणि एकमन लॉस एंजेलिसला निघून गेला. अर्थात सदर्न कॅलिफोर्नियात नव्हे, तर त्याच शहरातील त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी यूसीएलए या विद्यापीठात.