अकलूजच्या घोडेबाजारात छायाचित्रे काढताना

अकलूजच्या घोडेबाजारात प्रथमच कॅमेरा घेऊन जाणार असाल, तर सकाळच्या कोवळ्या उन्हातच काम उरकावे, कारण सोलापूरचे ऊन चढले की घोड्याच्या तुकतुकीत अंगावर छायाचित्रात पांढरे चट्टे पडतात आणि तेथील तपशील संपादनातही परत मिळत नाही. घोड्याचे तोंड लांब असल्यामुळे जवळून वाइड लेन्सने (रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाने) टिपल्यास नाकपुड्या अवाजवी मोठ्या दिसतात. म्हणून मालकाची परवानगी घेऊन, ८५ ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने थोडे दुरून छायाचित्र घ्यावे. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवावा आणि कान पुढे येईपर्यंत धीर धरावा. काळ्या घोड्यासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) किंचित कमी करावे, अन्यथा तो करडा दिसतो. संपादनात डोळ्यावरची सावली हलकेच उजळावी. मारवाडी घोड्याच्या आत वळलेल्या कानांच्या टोकांना मात्र हात लावू नये.