कंपनीच्या दंत-उपकरण संग्रहालयासाठी आधी काय वाचवावे?

आपल्या कंपनीच्या गोदामात दंतवैद्यकाची जुनी उपकरणे पेट्या भरून पडली आहेत, व्यवस्थापनाला त्यांचे छोटे संग्रहालय करायचे आहे, आणि त्यांतले काय ठेवावे व काय घासून लखलखीत करावे, असा आपला प्रश्न आहे. अशा संग्रहांची नोंदणी आणि निगा हे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉलिशचा डबा तूर्त बंदच राहू द्या. आधी कारखान्यात जाऊन जुने साचे, आरेखने, छापील सूचिपत्रे आणि मागणीवह्या भंगारात जाण्यापासून वाचवा. दात काढण्याचा जुना चिमटा कोणत्याही वैद्यकीय संग्रहालयात पाहायला मिळतो. तो कसा घडवला, कोणाच्या सांगण्यावरून त्याचा आकार बदलला, हे मात्र तो बनवणाऱ्या कंपनीकडेच सापडू शकते.

एक उदाहरण देतो. अठराव्या शतकात दात काढण्यासाठी किल्लीसारखे उपकरण सर्रास वापरले जाई. त्याचा आकडा दाताला अडकवून मूठ पिळली की दात निघे, पण पुष्कळदा दाताचा तुकडा पडे किंवा जबड्याच्या हाडाला इजा होई. 1840 च्या सुमारास लंडनमध्ये जॉन टोम्स या दंतवैद्याने वेगवेगळ्या दातांच्या मानेच्या, म्हणजे हिरडीलगतच्या भागाच्या, आकाराशी जुळणारे चिमटे योजले आणि ज्याँ-मारी एव्हरार या कारागिराने ते पोलादात उतरवले. इतिहास सांगताना टोम्स यांचे नाव सहज घेतले जाते, एव्हरार बहुधा तळटीपेत जातात. कंपनीच्या संग्रहालयाने हा दुसरा माणूस, म्हणजे घडवणारा, पुढे आणावा, असे माझे ठाम मत आहे.

आता मुठींकडे पाहा. आपल्या पेट्यांत हस्तिदंताच्या, शिसवीसारख्या काळ्या लाकडाच्या किंवा शिंपल्याच्या मुठीची हत्यारे असतील, तर ती बहुधा उपकरणे उकळून निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या घडणीची आहेत. जंतूंमुळे रोग होतात हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध होत गेले, 1890 मध्ये विलोबी मिलर या दंतवैद्याने तोंडातील सूक्ष्मजंतूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि उकळत्या पाण्यात तडकणाऱ्या किंवा सुटणाऱ्या मुठी हळूहळू मागे पडून निकेलचा मुलामा दिलेली अखंड धातूची हत्यारे आली. हा बदल दाखवायला मोठी चित्रे लागत नाहीत. दोन मुठी शेजारी ठेवल्या तरी तो नजरेत भरतो.

दात कोरण्याच्या यंत्रांना मात्र जागा मोकळी ठेवा. जेम्स मॉरिसन यांनी 1871 मध्ये पायाने चालवायच्या यंत्राचे पेटंट घेतले, 1875 मध्ये जॉर्ज ग्रीन यांच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला पेटंट मिळाले, आणि 1957 मध्ये जॉन बोर्डेन यांचा हवेच्या दाबावर चालणारा एरोटर बाजारात आला, ज्याचा वेग मिनिटाला सुमारे 3,00,000 फेऱ्यांपर्यंत जाई. एवढ्या वेगाचा लाभ घेण्यासाठी सूक्ष्म बेअरिंगे आणि टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे टिकाऊ बर, म्हणजे दात कोरणारी फिरती टोके, हवी होती. आपल्याकडे जुन्या बेअरिंगांचे किंवा बिघडलेल्या हँडपीसचे, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या भागाचे, नमुने असतील, तर ते टाकू नका. फसलेले नमुनेही मांडावेत. कंपनीने फक्त यशस्वी वस्तू मांडल्या की संग्रहालयाचे विक्रीदालन होते, आणि हे मला मनापासून खटकते.

आता साफसफाईबद्दल. घासल्याने निकेलचा पातळ मुलामा आणि बनवणाऱ्याचा ठसा पुसट होतो, आणि ठसा गेला की जुन्या सूचिपत्राशी वस्तू ताडून पाहण्याचा मुख्य आधार जातो. मऊ ब्रशने धूळ काढणे बहुतेक वेळा पुरते. हस्तिदंताची मूठ पाण्यात बुडवू नये. दमट हवेत पोलाद गंजते आणि फार कोरड्या हवेत हस्तिदंत तडकते, म्हणून दोन्ही एकाच हत्यारात असतील तेव्हा मध्यम आणि मुख्य म्हणजे स्थिर आर्द्रता ठेवावी. व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराच्या, कवळ्यांतून गंधकयुक्त वायू निघून शेजारची चांदी काळवंडते. जुने सेल्युलॉइड, म्हणजे एक प्रकारचे जुने प्लास्टिक, विघटित होताना आम्लधर्मी वायू सोडते आणि चटकन पेटते. या दोन्ही वस्तू इतरांपासून आणि एकमेकांपासून वेगळ्या ठेवाव्यात. अमाल्गमच्या, म्हणजे दात भरण्याच्या पारायुक्त मिश्रधातूच्या, जुन्या कुप्यांत पारा असू शकतो, तेव्हा सीलबंद कुप्या उघडू नयेत.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, ठशातील अक्षरे, छायाचित्र आणि ती कोठून आली याची ओळ असावी. निवृत्त कारागीर अजून भेटत असतील, तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका: एकेक हत्यार त्यांच्या हातात द्या, कारखान्यात त्याला काय म्हणत, धार कोणत्या दगडावर लावत, कोणता भाग वारंवार बिघडून परत येई, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत त्या क्रमांकापुढे लिहून ठेवा.