वरची पावती कोणाची?

प्रश्न: ताई, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली होती. मी पाचशे एक द्यायचे ठरवलेले, पण पावती पुस्तक उघडलं तर स्थळप्रतीवर समोरच्या फ्लॅटवाल्यांचे दोन हजार एक! माझ्या तोंडून आपोआप "अडीच हजार लिही रे" निघालं. पोरं गेल्यावर बायको म्हणते, हे गणपतीला दिले की समोरच्यांना? तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी रक्तदान करतो, गावच्या शाळेला वह्या देतो, ते पण सगळं मिरवायलाच का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी वहिनींना नमस्कार सांगा, एका वाक्यात मुद्दा काढला त्यांनी. पण दादा, तुम्ही काही एकटे नाही हो. मंडळाची पोरं पक्की असतात, पहिली पावती कोणाची फाडायची हे त्यांना बरोबर कळतं, बिल्डिंगमधला सढळ हाताचा माणूस आधी गाठायचा आणि मग तेच पान उघडं ठेवून बाकीच्यांच्या बेल वाजवायच्या, आकडा तोंडाने सांगायची गरजच पडत नाही. मांडवाबाहेर देणगीदारांचा फलक लागतो तो काय बाप्पाला वाचायला? देवळातल्या पंख्याच्या पात्यावर पण "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतंच (पंखा चालू केला की नाव दिसत नाही ही देवाची गंमत).

शिकली सवरलेली माणसं तरी वेगळी असतील म्हणाल, तर हार्वर्डच्या लॉ स्कूलचं ऐका. तिथे देणगीदारांची नावं रकमेच्या गटानुसार छापायचे, ५०० ते ९९९ डॉलर हा एक गट. ग्लेझर आणि कोनराड या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये लिहिलंय की त्या गटातल्या ९३ टक्के देणग्या मोजून ५०० च्या होत्या. पाचशेत नाव त्याच यादीत येतंय तर सहाशे कशाला!

गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, मनात कुरकुरत दिलेल्या दानाला राजस म्हटलंय. तुमचे अडीच हजार राजसच, त्यात काय लपवायचं. पण म्हणून रक्तदानावर शंका घेत बसू नका, रक्ताच्या पिशवीवर गट लिहितात, हेतू कोणी लिहीत नाही. थोडी हौस, थोडी कळकळ, थोडं "लोक काय म्हणतील", असं मिसळूनच सगळे देतात आणि त्यातलं एकेक निवडत बसलात तर द्यायचंच राहून जाईल.

मला खटकतं ते दुसरंच. तुमची पावती वर आली आणि पोरं तिसऱ्या मजल्यावर गेली, तिथे नुकतीच नोकरी गेलेला कोणी असेल, दोनशे एक द्यायचे मनात असलेला, त्याने काय करायचं? तुमच्या मिरवण्याचं बिल त्याच्या नावावर फाटलं ना. घरखर्चातून गेले असतील तर वहिनींच्या पण. वह्यांचंही तेच, पोराला स्टेजवर उभं करून फोटो काढत असाल तर फोटो बंद करा, वह्या नका बंद करू. आणि पुढच्या मीटिंगला ठराव मांडा, फलकावर नावं ठेवा, आकडे काढा. वर्गणी कमी जमेल आणि पोरं तुमच्या नावाने बोटं मोडतील, ते आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न: माझा रूममेट म्हणतो जगात निःस्वार्थ काही नसतंच, आईची माया पण म्हातारपणाची सोय. काय बोलायचं याच्याशी?
— हॉस्टेलमधला एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: त्याला विचार, काय घडलं तर तू म्हणशील की इथे स्वार्थ नव्हता? काहीच नाही म्हणाला तर वाद सोडून दे, कारण मग काहीही दाखवलंस तरी तो "त्यात पण स्वार्थच" म्हणणार. ऐकणारा असेल तर अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातला, मानसशास्त्रज्ञ बॅटसन आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा प्रयोग सांग. एका मुलीला विजेचे शॉक बसताना दाखवले (खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). ज्यांना तिची कणव आली त्यातल्या बहुतेकजणी, सरळ उठून जायची मुभा असताना पण, तिच्या जागी बसायला तयार झाल्या. यावर पुढे पुष्कळ वाद झाले ते वेगळं. आणि एक, सगळ्यांचं बिंग फक्त मलाच दिसतं ही पण ऐटच की रे! परीक्षेच्या आदल्या रात्री तो तुझ्या नोट्स मागायला आला की देऊन टाक, फक्त देताना विचार, मला यात काय मिळणार रे?