आधी ती पॉलिसी रद्द करा, इंग्लंडचं नंतर बघू

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ५३, साताऱ्यात एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, ५८ला निवृत्ती. घरखर्च भागून महिन्याला ४० हजार उरतात. मुलगी २३ वर्षांची, बीकॉम, विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली. इंग्लंडमध्ये, लंडनबाहेर, स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या एक वर्षाच्या एमएस्सीला सप्टेंबर २०२६ साठी प्रवेश मिळालाय. फी २२ हजार पाउंड. कन्सल्टंटच्या हिशेबाने एकूण खर्च ३५ लाख. एफडी १२ लाखांची होती. त्यातले अडीच लाख बँकेच्या मॅनेजरने सुचवलेल्या ‘गॅरंटीड’ पॉलिसीत भरले. ‘त्याने कर्ज लवकर मंजूर होईल’ असं ते म्हणाले. पॉलिसी हातात येऊन १९ दिवस झाले. पीएफ २२ लाख. प्रश्न: पीएफ काढू की घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेऊ? मुलीला तिकडे ४० लाखांचं पॅकेज मिळालं की दोन वर्षांत फिटेल.

नमस्कार,

पीएफ की कर्ज, हे आठवड्याने ठरवलं तरी चालेल. पॉलिसीचं मात्र आजच करायला हवं. पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमच्याकडे ११ दिवस आहेत, म्हणून हे उत्तर छापून येण्याआधीच तुम्हाला मेलने कळवलं आहे. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मॅनेजरला फोन करून भागणार नाही. तो ‘सर, एक वर्ष थांबा’ म्हणेल आणि मुदत निघून जाईल.

पॉलिसी काय आहे ते बघा. दहा वर्षं अडीच लाख भरायचे आणि सतराव्या वर्षाअखेरीस ४८ लाख घ्यायचे. ‘पैसे जवळजवळ दुप्पट’ हे ऐकायला गोड वाटतं. परतावा निघतो वर्षाला सव्वापाच टक्के, आणि कर्ज तुम्ही काढणार दहा टक्क्यांनी! त्याहून वाईट म्हणजे ५८ला पगार थांबेल, पण हप्ते ६२ पर्यंत चालू राहतील. शेवटचे पाच हप्ते, म्हणजे साडेबारा लाख, कुठून आणणार होतात? हे त्या मॅनेजरने विचारलं नाही याचा मला राग येतो. बचतीची पॉलिसी कर्जमंजुरीची अट म्हणून गळ्यात मारायचा बँकेला अधिकार नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात तक्रार करता येते, तीही फुकट.

आता खर्च. ३५ लाखांत हे होत नाही. पाउंड १२० रुपये धरू. फी साडेसव्वीस लाख. राहण्या-जेवणासाठी व्हिसाचा नियम महिना १,१७१ पाउंड दाखवायला सांगतो, तोही नऊच महिन्यांचा. कन्सल्टंटने तोच आकडा उचलला आणि त्यातून मुलीची पार्टटाइम कमाईही वजा केली. राहायचं बारा महिने आहे: १७ लाख. व्हिसा आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार दोन लाख, विमान-सामान सव्वा लाख. म्हणजे ४७ लाख. पार्टटाइम कामाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि काम मिळेलच असं नाही. ते पैसे हिशेबात धरूच नका.

१२ लाख तुमचे, ३५ लाख कर्ज. शिकत असताना आणि नोकरी शोधताना व्याज साचून ते ४० लाखांच्या घरात जाईल. बारा वर्षांचा हप्ता ४८ हजार. तुमचे उरतात ४० हजार, तेही आणखी पाचच वर्षं.

राहता राहिलं ४० लाखांचं पॅकेज. ते साधारण ३३,४०० पाउंड होतात, आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्याला स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे तिथे नोकरी करत राहण्याच्या व्हिसासाठी, लागणारी किमान पगाराची पातळी नेमकी तेवढीच आहे, अनुभवींना ४१,७००. क्रीडाक्षेत्रातल्या सुरुवातीच्या जागा, म्हणजे तिकीटविक्री, सामन्याच्या दिवसाचं नियोजन, प्रायोजकांची कामं, बऱ्याचदा याखालीच असतात, आणि व्हिसा स्पॉन्सर करायला छोटे क्लब सहसा तयार नसतात. समजा मिळालीच नोकरी. कर कापून हातात महिना २,३०० पाउंड, खर्च दीड हजार. उरलेल्या ८०० पाउंडांचे ९६ हजार रुपये होतात. सगळे कर्जात घातले तरी दोन वर्षांत २३ लाख. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच आहे. मुलीचा अर्ज त्यानंतरच जाणार.

पीएफला हात लावू नका. सव्वाआठ टक्के करमुक्त व्याज आहे आणि निवृत्तीनंतर तुम्हा दोघांचा तोच आधार आहे. घर तारण ठेवून कर्ज स्वस्त पडेल, हे खरं. पण ती परत येऊन इथे ३५-४० हजारांची नोकरी करू लागली तर हप्ता तुमच्यावर आणि घर बँकेकडे. आजच्या आकड्यांवर मी तुम्हाला हे कर्ज घ्या म्हणणार नाही.

तिला या क्षेत्रापासून मात्र रोखू नका. खो-खोच्या मैदानातून आलेली मुलगी इथे उपरी नाही. प्रो कबड्डी २०१४ पासून आहे, अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसम २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीलाच झाला. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये हाच विषय शिकता येतो, आणि मुंबईतही अभ्यासक्रम आहेत. एक-दोन मोसम अशा लीगमधल्या एखाद्या संघाच्या फ्रँचायझीत राबली, की परदेशी अर्जात अनुभव दाखवता येईल आणि तिलाही कळेल की आपल्याला काय करायचंय, मार्केटिंग की स्पर्धांचं आयोजन. मग स्कॉलरशिपसाठी अर्ज करता येईल.

तोवर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला विचारा. त्याच मेलमध्ये विभागालाही एक प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत भारतातून आलेल्या किती विद्यार्थ्यांना व्हिसा स्पॉन्सर करणारी नोकरी लागली, आणि कुठे? उत्तर आकड्यांत आलं तर मला पाठवा, हिशेब पुन्हा मांडू.