पिल्लाची आई बघितल्याशिवाय टोकन देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की कसारवडवलीला राहता, आईच्या सोबतीला शिह त्झू या लहान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू हवंय, आणि एका ब्रीडरने सांगितलंय, 'तुम्ही एवढ्या लांब कशाला येता, रविवारी माजिवड्याच्या पुलाखाली आणून देतो, फक्त ५ हजार टोकन टाका.' पिल्लू ४० दिवसांचं. घ्यावं का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. का, ते सविस्तर सांगते, कारण असंच बोलणं मी २०२१ मध्ये ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

खाण्याची भांडी, गादी, सोसायटीची परवानगी यावर मी काही लिहीत नाही. ते तुम्ही बघितलं असेलच.

आम्ही नेरूळला राहतो. लेकीला पॉमेरेनियन हवा होता. फोटो सुंदर होते, माणूस फोनवर अदबीने बोलायचा. मी म्हटलं, आम्ही येऊन बघतो. तो म्हणाला, 'मॅडम, पिल्लं लहान आहेत, बाहेरच्या माणसांमुळे इन्फेक्शन होतं, मी कोणालाच घरी बोलावत नाही.' मला ते उलट जबाबदार माणसाचं बोलणं वाटलं. माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. जुईनगर स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडच्या पलीकडे तो बाइकवर आला. पुढे पुठ्ठ्याचा खोका, त्यात ओला झालेला पेपर आणि पेपरवर ते पिल्लू. पोट टरारून फुगलेलं. आम्हाला वाटलं, गुटगुटीत आहे. ते जंतांचं पोट होतं.

लेकीने त्याचं नाव लाडू ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याचा ओठ बोटाने वर उचलून मला दाखवलं: पुढचे दात नुकतेच टोचायला लागलेले, मागच्या दाढांचा पत्ता नाही. 'तुम्हाला किती दिवसांचं सांगितलंय?' मी म्हटलं, ५० दिवस. ते म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. मग त्यांनी लसीचं कार्ड मागितलं. तारीख होती, गोल शिक्का होता, पण लसीच्या बाटलीवरचं स्टिकर नव्हतं. नुसतं पेनाने नाव लिहिलेलं, आणि शिक्क्यातलं डॉक्टरचं नाव वाचता येत नव्हतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: बाटलीवरचं स्टिकर, त्यावरचा बॅच नंबर आणि वाचता येणारी सही, यातलं एक जरी नसेल तर त्या कार्डाला काही अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब. त्या वासाला मी आजही विसरलेले नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार. विष्ठेच्या नमुन्याची पट्टी दहा मिनिटांत पॉझिटिव्ह आली. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे बहुधा तो रोग घेऊनच आमच्याकडे आला होता. एवढ्याशा पायात शीर सापडेना. तीन दिवस सलाईन लावून मी दवाखान्याच्या फरशीवर त्याच्याजवळ बसले. तो हात चाटायचा. आठव्या रात्री गेला.

हे सगळं तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या पोस्टमधलं 'एवढ्या लांब कशाला येता' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

घरी बोलावत नाही याचा खरा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की दाखवायला आईच नाही. पिल्लं दुसरीकडून गोळा केलेली असतात, किंवा आई अशा पिंजऱ्यात आणि अशा अवस्थेत असते की तुम्ही बघितलीत तर उलट पावली परत जाल. इन्फेक्शनची भीती खरी असते, त्यात खोटं काही नाही. पण खरोखर काळजी घेणारा माणूस तुम्हाला चपला बाहेर काढायला लावेल, हात धुवायला लावेल, पिल्लाला हात लावू देणार नाही, आणि तरीही आई दाखवेल.

आता कायद्याचं. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ पासून आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला फळवायचं नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. तुमचं पिल्लू ४० दिवसांचं, म्हणजे पुरे सहा आठवडेसुद्धा नाहीत. तो माणूस पहिल्याच वाक्यात नियम मोडतोय. नोंदणी क्रमांक विचारा. 'आमच्याकडे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत' हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही. केनेल क्लबचे पेपर वंशावळ सांगतात. पिल्लू निरोगी आहे की नाही, हे सांगत नाहीत.

तक्रारीचंही सांगते, कारण इथे माझी अजून चिडचिड होते. लाडू गेल्यावर मी कार्ड, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन एका कार्यालयात गेले. पहिल्या टेबलवर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही, वर जा. वर म्हणाले, पावती कुठाय? पावती नव्हती. 'मग खरेदी झाली याला पुरावा काय?' स्क्रीनशॉटवर त्या माणसाचं नाव होतं, तो दाखवला, तर 'हे पैसे कशाचे, ते यात लिहिलेलं नाही.' चार खेपा झाल्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा. शेवटी एका शिपायाने हळूच सांगितलं, ताई, सोडून द्या. अर्ज अजून तिथेच पडला असेल. म्हणून म्हणते, कितीही गोड माणूस असला तरी छापील किंवा सही केलेली पावती घ्या. त्यात पिल्लाची जन्मतारीख, जात, कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा नंबर आणि विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता असू द्या. आणि पैसे पाठवताना 'शिह त्झू पिल्लाचं टोकन' असं तिथेच लिहा.

पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही. डॉक्टरांनी एकास तीस पाणी घालून ब्लीच सांगितलं होतं, त्याने सगळी फरशी पुसली आणि गादी, भांडी टाकून दिली. वर्षभर दुसरं पिल्लू आणलं नाही.

नंतर ज्या बाईंकडून आमची चिंगी घेतली त्या डोंबिवलीला राहतात. त्यांनी आधी आम्हालाच अर्धा तास प्रश्न विचारले: दिवसा घरी कोण असतं, लेक किती वर्षांची, गावाला जाताना काय करणार. पाच महिने थांबवलं. गेलो तेव्हा आई सोफ्याखालून बाहेर आली, सड लोंबत होते, अंगावरचे केस गळलेले, पण शेपटी हलवत होती. पिल्लं तिच्यामागे. त्यांनी आईचे गुडघे डॉक्टरांनी तपासल्याचा कागद दाखवला, कारण लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास फार. नऊ आठवडे झाल्याशिवाय पिल्लू हातात दिलं नाही. शिह त्झूच्या बाबतीत आईचे डोळे आणि श्वास नीट बघा. बसल्या जागी घोरत असेल, नाकपुड्या चिमटल्यासारख्या दिसत असतील तर आपल्याकडच्या मे महिन्याच्या दमटपणात तिच्या पिल्लाचे हाल होतील.

आणि 'टीकप', म्हणजे कपात मावेल एवढं बारकं, म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर फोन ठेवा. टीकप नावाची मान्यताप्राप्त जात नाही. बारकं, अशक्त पिल्लू महाग करून विकायचा तो शब्द आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी डॉक्टर नाही. लसीचं वेळापत्रक तुमच्याच डॉक्टरांकडून घ्या. एवढंच सांगते की एका डोसवर थांबू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती असेपर्यंत लस नीट लागत नाही, म्हणून ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. तोवर सोसायटीच्या बागेत जमिनीवर सोडू नका. लहान जातीचं पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून लटपटायला लागतं. आईंना सांगून ठेवा: असं झालं तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना. गळ्यात पट्टा नको, छातीभोवती बांधायचा हार्नेस घ्या. यांची श्वासनलिका नाजूक असते.

सगळे ब्रीडर वाईट, असं मी म्हणत नाही. पण आईंना सोबतच हवी असेल आणि जातीचा हट्ट नसेल तर दोन-तीन वर्षांचं, सवयी लागलेलं, कोणीतरी सोडून दिलेलं कुत्रंही बघा. वयस्कर माणसाला पिल्लामागे धावणं झेपत नाही.

रविवारच्या आधी त्या माणसाला फोन करा आणि एवढंच म्हणा: 'पैसे तयार आहेत, पण मी घरी येऊन आई बघणार आणि पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावरच नेणार.' तो काय म्हणाला ते मला कळवा.