पान १ नंतर पान १० येतंय? नुसती यादी नको, नावंच सरळ करा

साताऱ्याच्या ज्या ताईंनी विचारलंय की आजोबांच्या जुन्या कागदांची स्कॅन केलेली पानं एका पीडीएफमध्ये जोडताना १ नंतर १० येतं आणि २ पार मागे जातं, त्यांच्यासाठी लिहितोय. वाचून पोटात कालवलं, कारण आमचं नुकसान नेमकं इथेच झालंय.

लिनक्समध्ये फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएस (ls) कमांडला लहान व्ही (-v) आणि क्रम लावणाऱ्या सॉर्टला (sort) मोठा व्ही (-V) लावा, म्हणजे १, २, १० असा क्रम दिसतो, हे इतरांनी सांगितलंच आहे आणि ते बरोबर आहे. पण खरी गोम पुढे आहे. एलएसने पडद्यावर सरळ क्रम दाखवला की आपण निर्धास्त होतो आणि जोडणाऱ्या कमांडला 'सगळ्या फायली' या अर्थी स्टार (*) देऊन मोकळे होतो. त्या स्टारच्या जागी फायलींची नावं बॅश (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) स्वतः भरतं, तीही कोशातल्या शब्दांसारखी अक्षर-अक्षर लावून, म्हणून १० हे २च्या आधी. एलएसने काय दाखवलं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

२०१९च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घरी हळदीच्या व्यवहाराच्या जुन्या खतावण्या भिजल्या. कोपऱ्यातले पानांचे आकडे धुऊन गेले. वाळवून, शिवण उसवून, पानं क्रमाने लावून एका ठिकाणी स्कॅनिंगला दिली. त्यांनी फायलींना नंबर दिले, पण जोडताना हाच घोळ केला, वर सुट्या फायली पुसून टाकल्या. परत मिळालेला गठ्ठाही वरखाली झालेला. उलटा हिशेब करून क्रम लावता आला असता, पण जोडल्यावर त्यांनी कोरी पानं वगळली होती, म्हणजे मोजणीच चुकली आणि तोही मार्ग बंद. विचारायला गेलो तर उत्तर काय, "सगळी पानं आहेत ना, मोजून घ्या." अहो, खतावणीत क्रम गेला की राहिलं काय? शेवटी वडील आणि काका एका पानाच्या तळाची बेरीज दुसऱ्या कुठल्या पानाच्या डोक्यावर ओढली आहे ते शोधत बसायचे. काही पानांची जोडी आजही लागलेली नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: फायलींची नावंच ००१, ००२ अशी करा, म्हणजे अक्षर-अक्षर लावूनही क्रम सरळच येतो. आकड्याला पुढे शून्यं लावून देणाऱ्या प्रिंटएफ (printf) कमांडला टक्का, शून्य, तीन, डी (%03d) दिलं की झालं. पानं हजाराच्या घरात असतील तर तीनऐवजी चार. आधीच काही नावं ००८, ००९ अशी असतील तर पुढची शून्यं काढून मगच प्रिंटएफला द्या, नाहीतर बॅश त्यांना अष्टमान (ज्यात ८ आणि ९ नसतातच असे) आकडे समजून अडतं. नाव बदलणाऱ्या एमव्ही (mv) कमांडला एन (-n) लावा, म्हणजे एका फायलीवर दुसरी चढणार नाही. आणि हे सगळं प्रतीवर करा, मूळ फोल्डरवर नको.

मी लिनक्सवरचं सांगतोय. मॅकच्या एलएसमध्ये लहान व्हीचा अर्थ वेगळा आहे. फायलींच्या नावात देवनागरी आकडे असतील तर मोठ्या व्हीचाही उपयोग नाही, सॉर्ट त्यांना आकडा मानतच नाही.

काम बाहेर देणार असाल तर नुसती पीडीएफ घेऊ नका, सुट्या फायली मागूनच घ्या, आणि तिथेच उभं राहून दुसरं पान उघडून बघा. तिथे दहावं पान दिसलं तर सुट्या फायली हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.